पाठ आणि स्मरण

या अंकी स्मरणशक्तीविषयी थोडा विचार करावयाचा आहे.

आपल्या मार्गात ‘स्मरण’ हा शब्द नित्याचा आहे. नामस्मरण, लीळास्मरण, मूर्तिस्मरण, चेष्टास्मरण असा त्याचा विस्तार आपण बाळपणापासून ऐकतो. परंतु नित्याच्या शब्दाचा अर्थ बहुधा गृहीत धरला जातो, आणि गृहीत धरलेला अर्थ हळूहळू झिजतो. मग असे होते की एखाद्या बुद्धिमान मुलाने सूत्रपाठ अस्खलित म्हणून दाखविला की आपण म्हणतो, ‘केवढे हे स्मरण!’ आणि दुसरीकडे, ज्या वृद्ध वासनिकाने पन्नास वर्षे नेमाने नाम घेतले, त्याची स्मृती वार्धक्याने क्षीण झाली म्हणजे तो व्याकुळ होऊन विचारतो, ‘महाराज, आता लीळा आठवत नाहीत, नातवांची नावेही आठवत नाहीत. माझे स्मरण बुडाले काय?’ मुलाची प्रशंसा आणि वृद्धाची व्यथा या दोहोंच्या मुळाशी एकच समज आहे, तो असा की स्मरणशक्ती म्हणजेच स्मरण. हा समज कितपत खरा आहे, हे प्रथम पाहू आणि मग त्या वृद्धाच्या प्रश्नाकडे येऊ.

स्मरणशक्ती ही काही थोड्यांनाच लाभलेली दैवी देणगी आहे, असे लोक मानतात. वस्तुतः ती बहुतांशी विद्या आहे, आणि इतर विद्यांप्रमाणे तीही अभ्यासाने साध्य होते. ग्रीस देशात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सिमॉनिडीज नावाचा कवी होऊन गेला. त्याची एक कथा रोमन वक्ता सिसेरो याने वक्तृत्वकलेवरील आपल्या ग्रंथात सांगितली आहे. थेसली प्रांतात एका धनिकाच्या घरी मेजवानी चालली असता हा कवी निरोप आल्यावरून बाहेर गेला. तेवढ्यात सभागृहाचे छत कोसळून आतील सर्व मंडळी ठार झाली. प्रेते इतकी छिन्नविच्छिन्न झाली होती की आप्तांनाही ती ओळखता येईनात. तेव्हा कोण कोणत्या आसनावर बसला होता हे सिमॉनिडीजने मनात आणले आणि त्या जागांवरून एकेकाची ओळख पटविली. यावरून त्याला स्मरणविद्येचे मर्म सापडले, असे ती कथा सांगते. मनाला शब्दांचा क्रम धरून ठेवणे कठीण जाते, जागांचा क्रम मात्र ते सहज धरते. म्हणून परिचित घर किंवा रस्ता मनात आणावा, त्याच्या एकेका कोनाड्यात एकेक गोष्ट ठेवावी, आणि पुन्हा त्या वाटेने मनाने फिरत जाऊन त्या गोष्टी उचलून घ्याव्यात.

ही युक्ती आजही तशीच चालते. १९९१ पासून स्मरणशक्तीच्या जागतिक स्पर्धा भरतात. तेथे शेकडो अंक व पत्त्यांच्या गड्ड्यांचे क्रम पाठ केले जातात. अशा असामान्य स्मरणशक्तीच्या दहा जणांची तपासणी लंडनच्या संशोधकांनी केली आणि तिचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. या मंडळींची बुद्धी सामान्य लोकांहून विशेष तीव्र नव्हती, त्यांच्या मेंदूच्या रचनेतही वेगळेपणा आढळला नाही. भेद इतकाच होता की पाठ करताना वाटा व ठिकाणे ओळखणारे मेंदूचे भाग त्यांच्या ठायी अधिक जागे होत. दहापैकी नऊ जण हीच जागांची प्राचीन युक्ती वापरीत होते.

अभ्यासाची महती व मर्यादा दाखविणारे दुसरे उदाहरण अमेरिकेतील एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे आहे. त्याच्यावरील प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी इतरांप्रमाणे तोही एका वेळी सातच अंक ध्यानात ठेवू शके. सुमारे दीड वर्षात दोनशे तीस तासांचा सराव झाल्यावर तो एकोणऐंशी अंक एकदा ऐकून क्रमाने सांगू लागला. तो धावपटू होता, म्हणून अंकांचे गट पाडून त्यांना तो शर्यतीच्या वेळांचे रूप देई. परंतु अंकांऐवजी अक्षरे सांगितली की त्याची मजल पुन्हा सहाच्या आसपास येई. ज्याचा सराव केला तेवढेच वाढले, बाकीचे होते तिथेच राहिले. याचा बोध आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. स्मरणशक्ती कशावर खर्च करावयाची, हा प्रश्न ती किती आहे या प्रश्नाहून मोठा ठरतो. अंकांवर खर्च केली तर अंक मिळतील. परमेश्वराच्या लीळांवर खर्च केली तर काय मिळेल, हे सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या मार्गाकडे वळू. जागांच्या आधाराने स्मरण जागविण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. आपल्या पूर्वजांनी स्थानपोथी सिद्ध केली. प्रभूंचे अवस्थान कोठे झाले, वसती कोठे, आसन कोठे, मंदिराचे दार कोणत्या दिशेस आणि ओटा कोणत्या हाताला, याची नोंद तीत आहे. वरवर पाहणाऱ्याला ती गावांची यादी वाटते. परंतु जो साधक डोमेग्रामापासून बेलापुरापर्यंत, पैठणापासून रिद्धपुरापर्यंत मनाने किंवा पायाने ती वाट चालतो, त्याला प्रत्येक स्थानी एक लीळा उभी असलेली भेटते. येथे प्रभू बसले, येथे अमक्याने प्रश्न केला, येथे हे वचन निरूपिले. स्थान आले की लीळा आली, लीळा आली की सूत्र आले, सूत्र आले की त्याचा हेतू आला. प्रभूंच्या असन्निधानी स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक हे चारही आपण वंद्य मानतो. त्या चारांचा संबंध श्रीमूर्तीशी असल्यामुळे चारही आठवण करून देणारे आहेत.

ग्रीक कवीची रीत आणि ही रीत यांत साम्य आहे, तसे अंतरही आहे. तेथे जागा ही केवळ खुंटी आहे. तिला आज एक वस्तू अडकवावी, उद्या ती काढून दुसरी अडकवावी. आपल्या येथे स्थान आणि लीळा यांचा संबंध कल्पनेने जोडलेला नाही. तो घडलेला आहे. म्हणून स्थानाला नमस्कार करताना आपण आपल्या बुद्धीच्या सोयीला नमस्कार करीत नाही, ज्यांच्या श्रीचरणांचा स्पर्श त्या भूमीला झाला त्यांना करतो. युक्ती आणि भक्ती यांच्यामधील रेषा येथे स्पष्ट दिसते.

मार्गाचा इतिहास पाहिला तर आपले सारे शास्त्र स्मरणाच्याच बळावर उभे आहे. प्रभूंनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते उत्तरापंथे गेल्यावर मागे राहिली ती भक्तांच्या चित्तातील वचने आणि लीळा. आचार्य श्रीनागदेव रिद्धपुरी एकांतात त्यांचे अनुसंधान करीत बसत. म्हाइंभट मूळचे विद्याभिमानी पंडित, प्रभूंशी वाद करावयास आलेले आणि शरण गेलेले. ही आठवण आचार्यांबरोबरच लोपेल, पुढील साधकांच्या हाती काही राहणार नाही, हे त्यांनी ओळखले, आणि आचार्यांना विनवून वाजेश्वरीच्या स्थानी लीळा लिहावयास घेतल्या. ज्या लीळा ज्याच्या समक्ष घडल्या होत्या त्याच्याकडे ते गेले, प्रत्येकाला विचारले, आणि मिळालेले आचार्यांकडून पारखून घेतले. लीळाचरित्र या रीतीने सिद्ध झाले.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवर परचक्र आले. त्या धामधुमीत मूळ प्रत हातची गेली. कल्पना करा की एवढ्या यत्नाने जमविलेला ठेवा एका आघातात नाहीसा झाला, प्रभू सन्निध नाहीत आणि म्हाइंभटही नाहीत. अशा वेळी मार्ग तरला तो ज्यांनी लीळा मुखोद्गत केल्या होत्या त्यांच्यामुळे. त्यांत परंपरा हिराइसांचे नाव आदराने घेते. आचार्यांच्या या शिष्येची प्रज्ञा असामान्य होती, ऐकलेले त्यांच्या चित्तातून ढळत नसे. त्यांच्या मुखपाठावरून उभा राहिलेला लीळाचरित्राचा पाठ आजही ‘हिराइसापाठ’ म्हणून ओळखला जातो. पोथी हरवली तेव्हा एका स्त्रीचे अंतःकरणच पोथी झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. वेदपाठाचीही परंपरा आपल्या देशात फार मोठी आहे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठप्रकारांनी शब्द मागे-पुढे उलटसुलट गुंफून त्यांतील एक मात्राही ढळू नये, अशी व्यवस्था तेथे केलेली आहे. पाठरक्षणाची ती अद्भुत कला होय, यात संशय नाही. परंतु तो पाठ स्त्रियांना आणि शूद्रांना खुला नव्हता. आपल्या मार्गात ब्रह्मविद्येची वचने मराठीत निरूपिली गेली आणि ज्याला जिज्ञासा असेल त्याच्या कानी पडली. केशिराजबासांनी संस्कृतात शास्त्ररचना करू पाहिली तेव्हा आचार्यांनी त्यांना अडविले. तसे केल्यास आपल्या वृद्ध साधिका नागविल्या जातील, असा त्यांचा आशय होता. या निर्णयाचे मोल पुढे परचक्रात कळून आले. वचने म्हाताऱ्यांच्या आणि सामान्यांच्याही ओठी होती, म्हणूनच ती टिकली. धन एका पेटीत ठेवले तर चोराला एकच कुलूप फोडावे लागते. घरोघरी वाटून ठेवले तर ते कोण लुटणार?

हिराइसांची थोरवी केवळ तल्लख स्मृतीत नाही, आणि परंपरेची थोरवी केवळ पुनर्लेखनात नाही. ज्यांनी लीळा पुन्हा जमविल्या त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आजच्या अभ्यासकांनाही विस्मयात टाकते. एकाला एखादी लीळा एका प्रकारे आठवली आणि दुसऱ्याला दुसऱ्या प्रकारे आठवली, तर त्यांनी दोहोंचे मिश्रण करून तिसरीच गुळगुळीत कथा रचली नाही. अमक्याची वासना अशी, अमक्याचा शोध असा, असे म्हणून दोन्ही नोंदविले. माणसाची स्मृती चुकू शकते, हे त्यांना ठाऊक होते. आपली आठवण हेच सत्य, असा हट्ट कोणी धरला नाही, आणि पाठभेद लपवून ठेवण्याची लज्जाही कोणाला वाटली नाही. स्मरणाचा पहिला धर्म सत्य होय. जे आठवते तेवढेच सांगावे, आणि जे आठवत नाही ते आपल्या पदरचे घालून भरू नये. आजच्या प्रवचनकारांनी हा दंडक ओठांवर येणाऱ्या प्रत्येक लीळेला लावून पाहावा.

आता दुसरी पायरी. शब्द जसेच्या तसे धरले म्हणजे स्मरण पूर्ण झाले काय? येथे रशियातील एका मनुष्याचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे. मॉस्कोत सोलोमन शेरेशेव्स्की नावाचा एक वार्ताहर होता. तो टिपणे घेत नाही हे पाहून संपादकाने त्याला हटकले, तेव्हा त्याने सांगितलेले सर्व काम शब्दशः म्हणून दाखविले. संपादकाने त्याला मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत धाडले. अलेक्झांडर लुरिया या शास्त्रज्ञाने सुमारे तीस वर्षे त्याचे निरीक्षण केले आणि १९६८ मध्ये त्याच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. लांबलचक याद्या, अर्थहीन अक्षरे, परभाषेतील ओळी हे सर्व तो पाठ करी आणि पंधरा वर्षांनंतरही सांगू शके. तोही ठिकाणांचाच आधार घेत असे. मनाने मॉस्कोतील एका रस्त्यावरून चालत एकेक वस्तू ठेवीत जाई. कधी चुकलाच तर म्हणे, ‘अंडे पांढऱ्या भिंतीपाशी ठेवले होते, म्हणून दिसले नाही.’

परंतु याच मनुष्यापुढे लुरियाने अंकांचे एक कोष्टक ठेवले. पहिल्या ओळीत एक, दोन, तीन, चार. दुसरीत दोन, तीन, चार, पाच. तिसरीत तीन, चार, पाच, सहा. लहान मुलाच्याही ध्यानी येईल असा त्याचा क्रम होता. शेरेशेव्स्कीने ते कोष्टक सारे श्रम घेऊन एकेक अंक करून पाठ केले, आणि त्यातील नियम त्याला दिसलाच नाही. गद्याचा एखादा उतारा वाचताना प्रत्येक शब्दासरशी त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राही, त्या चित्रांची गर्दी होई, आणि त्या गर्दीत उताऱ्याचा अर्थ हरवून जाई. सर्व शब्द हाती आणि अर्थ दूर, अशी ती अवस्था होती.

सूत्रपाठ केवळ जिव्हेने म्हणणाऱ्याची अवस्था याहून वेगळी नाही. आपल्या आचार्यांनी हा धोका फार पूर्वी ओळखला होता. म्हणूनच त्यांनी सूत्रे नुसती ओवून ठेवली नाहीत. कोणते वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला, कोणत्या हेतूने निरूपिले, हे सांगणारी प्रकरणे व हेतू त्यांनी लिहिले. अन्वय लाविला. लक्षणे सांगितली. केशिराजबासांच्या दृष्टांतपाठात आधी सूत्र येते, मग दृष्टांत येतो, मग दार्ष्टान्तिक येते. जात्यंधांचा हत्ती एकदा ऐकलेला मनुष्य तो आमरण विसरत नाही, कारण चित्र मनात ठसते. परंतु दार्ष्टान्तिक जोडले गेले नाही तर हत्ती तेवढा राहील आणि बोध निघून जाईल. शेरेशेव्स्कीच्या चित्तात दृष्टांत पुष्कळ होते, दार्ष्टान्तिक मात्र नव्हते.

अर्थामुळे पाठही सुलभ होतो, हे आधुनिक शास्त्रानेही सांगितले आहे. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरे पाठ करण्यास जे श्रम पडत त्यांच्या सुमारे दशांश श्रमांत अर्थपूर्ण काव्य पाठ होई, असे त्याला आढळले. ज्याचा अर्थ कळतो ते ओझे हलके होते.

तिसरी पायरी अधिक अवघड आहे, कारण तेथे प्रश्न अहंकाराचा येतो. सौराष्ट्रातील ववाणिया गावी १८६७ मध्ये जन्मलेले श्रीमद् राजचंद्र हे जैन परंपरेतील सत्पुरुष होते. तारुण्यातच ते शतावधानी म्हणून प्रसिद्धीस आले. एकाच बैठकीत शंभर भिन्न गोष्टींकडे अवधान द्यावयाचे आणि शेवटी त्या सर्व बिनचूक सांगावयाच्या, असा तो प्रयोग असतो. १८८७ मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी तो करून दाखविला तेव्हा त्यांचे वय केवळ एकोणीस होते. कीर्ती दाराशी आलेली होती. परंतु अल्पावधीतच त्यांनी असे जाहीर प्रयोग सोडून दिले, कारण आत्मसाधनेत ते अंतराय होतात असे त्यांना दिसले. पुढे १८९१ मध्ये विलायतेहून परतलेले गांधीजी त्यांना भेटले. गांधीजींनी आपल्या ठाऊक असलेले परभाषांतील शब्द एकामागून एक सांगितले आणि श्रीमदांनी ते त्याच क्रमाने परत म्हटले. हा प्रसंग गांधीजींनी आत्मकथेत दिला आहे, आणि तेथेच स्पष्ट केले आहे की त्या शक्तीचे कौतुक वाटले तरी आपण मोहित झालो ते तिच्यामुळे नव्हे, तर त्यांचे शास्त्रज्ञान, शुद्ध चारित्र्य आणि आत्मदर्शनाची तळमळ पाहून.

जैन सिद्धांत आणि आपला सिद्धांत भिन्न आहेत, तथापि हा त्याग कोणत्याही मार्गाच्या साधकाने मनन करावा असा आहे. शंभर गोष्टींकडे एकाच वेळी अवधान देण्याचे ज्याचे सामर्थ्य, त्याने ठरविले की मला आता एकाच गोष्टीकडे अवधान द्यावयाचे आहे. आपल्याकडे पाठांतराच्या स्पर्धा होतात, मुलांना पारितोषिके दिली जातात. मुलांना उत्तेजन मिळावे म्हणून ते योग्यच आहे. परंतु पारितोषिक घेऊन परतणाऱ्या मुलाच्या कानी एवढे घालावे की, ‘बाळा, लोकांनी ऐकले. आता देवाला ऐकव.’ टाळ्यांच्या आशेने केलेला पाठ टाळ्या थांबल्या की थांबतो.

येथे शंका अशी संभवते की, स्मरण जर इतके श्रेष्ठ तर विस्मरण सर्वथा दोषच मानावयाचे काय? समाधान असे. जीव अनादि अविद्येने बद्ध असल्यामुळे परमेश्वराला विसरलेला आहे, हे विस्मरण दोष होय. परंतु संसारातील प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवणे हा गुण नव्हे. ग्रीसमधील थेमिस्टोक्लीज या नेत्याला एकाने स्मरणविद्या शिकविण्याची तयारी दाखविली, तेव्हा तो उत्तरला की मला त्यापेक्षा विसरण्याची विद्या दिलीस तर मी अधिक उपकृत होईन. ही आठवणही सिसेरोनेच नोंदविली आहे. शेरेशेव्स्कीचे दुःख नेमके हेच होते. जुन्या याद्या त्याच्या डोळ्यांपुढून हटत नसत. त्या विसरता याव्यात म्हणून त्याने त्या कागदावर लिहून कागद जाळून पाहिले, तर निखाऱ्यांवरही त्याला अक्षरे दिसत.

आपणही असे निखारे जपतो. भावाने वाटणीच्या वेळी काय म्हटले, व्याह्याने मानपानात काय उणे केले, गुरुबंधूने सभेत कसा अपमान केला, हे शब्दशः पाठ असते. त्याला संथा घ्यावी लागत नाही, आवृत्तीही आपोआप होत राहते. ज्याला सूत्र ध्यानात राहत नाही त्याला वीस वर्षांपूर्वीचे कठोर वाक्य तारीखवार आठवते! यावरून दिसते की स्मरणशक्ती कमी नाही, ती गुंतलेली आहे. साधकाने आपले दोष आठवावेत आणि पराचे विसरावेत. घेतलेले उपकार आठवावेत आणि केलेले विसरावेत. चित्तातील जागा अशा रीतीने मोकळी झाली म्हणजे तेथे लीळा वसतीला येते.

आता आचाराचा भाग. आज शास्त्राची पुस्तके छापलेली आहेत, दूरध्वनीच्या यंत्रातही पोथ्या सामावतात, बोट लावले की सूत्र पुढे येते. मग पाठ करावयाचे प्रयोजन काय, असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की यंत्रातील सूत्र आपण शोधले म्हणजे येते, आणि चित्तातील सूत्र आपण न शोधता येते. क्रोध उसळला त्या क्षणी कोणी यंत्र उघडून वचन पाहत नाही. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या मेजावर पोथी नेता येत नाही. त्या वेळी जे आत आहे तेच उपयोगी पडते.

म्हणून नित्यविधीत थोडा पाठ अवश्य असावा. रोज एकच सूत्र घ्यावे. आधी जाणत्या मुखातून ऐकावे, मग त्याचे प्रकरण समजून घ्यावे, आणि त्यानंतर म्हणावे. पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहावे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवत होते, परंतु आठवड्यानंतर मिटून आठवणारेच पुढे गेले. एका बैठकीत शंभर आवृत्त्या करण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरा दिवसांनी अशा अंतराने त्या कराव्यात. दोघांनी मिळून म्हणावे, म्हणजे एकाचे चुकले की दुसरा सावरतो. स्थानाला गेलो तर तेथील लीळा तेथेच बसून सांगावी. मुलांना ती घरी सांगितली तर गोष्ट होते, स्थानी सांगितली तर आठवण होते.

शेवटी त्या वृद्धाच्या प्रश्नाकडे येऊ. स्मृतिभ्रंशाच्या व्याधीत मेंदूच क्षीण होत जातो. ती देहाची व्याधी आहे, श्रद्धेचा ऱ्हास नव्हे, आणि तो कोणाच्या पापाचा पुरावाही नव्हे. अशा रुग्णांच्या बाबतीत पुष्कळदा आढळते की नवे काही टिकत नाही, पण बालपणापासून सुरात म्हटलेले, सहस्रावधी वेळा ओठांवरून गेलेले, सर्वांत शेवटी जाते. मुलाचे नाव न आठवणारी आजी आरती लागली की सर्वांबरोबर म्हणू लागते, हे अनेक घरांनी पाहिले आहे. आयुष्यभराचा पाठ हा अशा काळासाठी केलेला संचय असतो. आणि तोही संचय सरला, ओठ निःशब्द झाले, तरी काय? तेव्हा घरच्यांनी म्हणावे आणि त्यांनी ऐकावे. प्रसादाची वस्तू हाती द्यावी. ‘आठवते का?’ म्हणून परीक्षा पाहू नये, आपणच आठवावे. पोथी हरवली तेव्हा हिराइसांनी मार्गासाठी जे केले, तेच आपण आपल्या वृद्धांसाठी करावयाचे आहे. त्यांची हरवलेली पोथी आपल्या मुखाने पुन्हा उभी करावयाची आहे.

परंतु खरे समाधान याहून खोल आहे. जीव अल्पज्ञ आहे. विसरणे त्याच्याकडून घडते, तरुणपणी प्रमादाने आणि म्हातारपणी व्याधीने. ज्याला आपण ‘सर्वज्ञ’ म्हणतो तो परमेश्वर मात्र काहीच विसरत नाही. हे नाव आपण रोज घेतो, पण त्याचा आधार घेत नाही. पन्नास वर्षे ज्याने आर्ततेने नाम घेतले, त्याच्या चित्तातून ते नाम पुसले गेले असेल. ज्याला ते अर्पिले त्याच्यापाशी ते आहेच. ठेव आपल्या वहीतून खोडली गेली म्हणून सावकाराच्या वहीतून जात नाही, आणि हा सावकार कृपाळू आहे. म्हणून, आजोबा, आपले स्मरण बुडाले नाही. आपण ते जेथे ठेवले तेथे सुरक्षित आहे.

ज्यांची स्मृती अजून शाबूत आहे अशा आपणां सर्वांवर मात्र उत्तरदायित्व राहते. आपण पाठ करावा, कारण पाठाविना स्मरण तगत नाही. अर्थ जाणावा, कारण अर्थाविना पाठ आंधळा आहे. अभिमान टाकावा, कारण अभिमानाने दोन्ही नासतात. आणि हे सारे आजच करावे, कारण चित्त किती दिवस आपल्या स्वाधीन राहील हे कोणी सांगू शकत नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभू आपणां सर्वांच्या चित्तात आपल्या लीळांना अखंड अवस्थान देवोत, हीच श्रीचरणी विनंती. दंडवत प्रणाम.